रोहिणखेडचा परिच्छेद आणि लोणारचे वय

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, घाटाच्या ऐन पायथ्याशी रोहिणखेड वसले आहे. वरचे बालाघाटाचे पठार आणि खालचा पूर्णाकाठचा सपाट मुलूख यांच्या सांध्यावरचे हे गाव. दख्खनच्या इतिहासात त्याच्या वाट्याला दोन मोठ्या लढाया आल्या. १९०८ साली निघालेल्या ‘इंपीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया’च्या एकविसाव्या खंडात या गावाला एक परिच्छेद मिळाला आहे. त्यात गावाचे स्थान आहे, लोकसंख्या आहे, आणि मग १४३७ ची लढाई आहे: आपल्या मुलीला बहमनी सुलतान अलाउद्दीनाने नीट वागवले नाही म्हणून खानदेशचा नासिरखान वऱ्हाडात शिरला, तेव्हा दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी याने त्याला इथे गाठून मोडले आणि बुऱ्हाणपुरापर्यंत त्याचा पाठलाग केला. त्यापाठोपाठ दुसरी लढाई येते. अहमदनगरच्या गादीवर बसवलेला बालसुलतान इस्माईल, त्याच्या नावाने कारभार हाकणारा महदवी पंथाचा वजीर जमालखान, आणि आपले राज्य परत घ्यायला खानदेशच्या राजा अलीखानाला बरोबर घेऊन आलेला इस्माईलचाच बाप बुऱ्हाण. जमालखान रोहिणखेडला मारला गेला, इस्माईल बापाच्या हाती सापडला. शेवटी खुदावंतखान महदवी याने १५८२ साली बांधलेल्या लहानशा देखण्या मशिदीचा उल्लेख येतो. तेवढ्या जागेत इतका ऐवज बसवणे हे कसबाचे काम आहे, आणि ज्याचे हात मूळ फारसी तवारिखांपर्यंत पोहोचत नाहीत त्याच्यासाठी रोहिणखेडचा इतिहास म्हणजे हा परिच्छेदच होय.

आता या परिच्छेदातला एकच आकडा घेऊ. दुसऱ्या लढाईचे साल तिथे १५९० दिले आहे. निजामशाहीचे बहुतेक इतिहासग्रंथ मात्र बुऱ्हाण निजामशाहाची कारकीर्द १५९१ पासून मोजतात, आणि ही लढाई झाल्यावरच तो गादीवर बसला. मग चूक कोणाची? बहुधा कोणाचीच नाही. लढाई हिजरी सन ९९९ मधली, आणि ते साल ऑक्टोबर १५९० मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर १५९१ मध्ये संपते. एका हिजरी सालावर दोन इसवी सने बसतात, आणि महिना पाहिल्याशिवाय त्यांतले कोणते घ्यायचे ते ठरत नाही. विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने लिहिणाऱ्या फिरिश्तासारख्या तवारीखकाराने दिलेला हिजरी सन परिच्छेदात इसवी होऊन आला, पण रूपांतर केले आहे हे तिथे कुठे म्हटलेले नाही आणि ते कोणत्या ग्रंथावरून केले हेही नाही. वाचकाच्या हाती गुळगुळीत आकडा पडतो. तो बरोबर असेल, एका वर्षाने चुकलेला असेल. परिच्छेदाच्या आत राहून ते तपासण्याची सोय नाही. गावाचे नावही असेच झाले आहे. इंग्रजी ग्रंथांत ते ‘रोहनखेड’ आहे, त्याआधीच्या भाषांतरांत आणखी वेगळे. आज ‘रोहिणखेड’ असे लिहून शोधणाऱ्याच्या हाती यांतले बरेचसे लागत नाही.

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या प्रत्येक शोधनिबंधाच्या डोक्यावर दीडशे-दोनशे शब्दांचा जो सारांश असतो तो याच जातीचा मजकूर आहे. दहा पानांचे काम तो दहा ओळींत आणतो, आणि दहा पाने वाचणाऱ्यांपेक्षा दहा ओळी वाचणारे कितीतरी पट जास्त असतात. असा सारांश कसा लिहावा याचे धडे हल्ली सगळीकडे मिळतात: पहिल्या वाक्यात पार्श्वभूमी, मग उद्देश, मग पद्धत, मग निष्कर्ष, आणि शेवटी कामाचे महत्त्व. हे धडे चुकीचे नाहीत. पण सारांशाच्या इतिहासातली मुख्य गोष्ट त्यांत सुटते. सारांशाचा जन्म हिशेबाच्या घरातला आहे. त्यातल्या प्रत्येक वाक्याला मूळ कामातल्या एखाद्या पानाचा आधार हवा, आणि ते पान कोणते याची खूण त्या वाक्यातच हवी. ही एक अट पाळली की वाक्यांचा क्रम कोणताही चालतो. ती मोडली की क्रम कितीही शास्त्रशुद्ध असला तरी सारांश वाचकाला फसवतो. पुढचे सगळे विवेचन या एका म्हणण्याच्या पुष्टीसाठी आहे.

महाराष्ट्रात हिशेबाचा सारांश शिकायला विद्यापीठात जावे लागत नाही. खर्ड्यावरून कीर्द, कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून ताळेबंद ही उतरंड मराठी दफ्तरांत शतकानुशतके चालत आली. आजही प्रत्येक गावाच्या महसुली दफ्तरात, म्हणजे रोहिणखेडच्याही, गाव नमुना बारामध्ये शेतवार पिकांची नोंद असते आणि नमुना अकरा हा त्या नोंदींचा गोषवारा असतो. गावात कपाशी किती, ज्वारी किती, सोयाबीन किती, हे अकरामध्ये दिसते. पण त्यातली प्रत्येक बेरीज बारामधल्या गट नंबरांवर जाऊन टेकते. नमुना बारामध्ये नसलेले क्षेत्र नमुना अकरामध्ये असेल तर तो गोषवारा खोटा ठरतो, आणि तलाठ्याकडे त्याचे उत्तर मागता येते. अभियांत्रिकीतही हाच धडा आहे, आणि तिथे तर शब्दही तोच आहे. बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात आधी मोजमापे येतात: लांबी, रुंदी, खोली, नग. त्यानंतर ‘ॲबस्ट्रॅक्ट’ नावाचा तक्ता येतो, ज्यात प्रत्येक बाबीचे एकूण परिमाण, दर आणि रक्कम असते. काम चालू असताना मोजमाप पुस्तकात नोंदी होतात आणि बिल निघते ते त्या नोंदींच्या ॲबस्ट्रॅक्टवर. खोदाईचे घनमीटर ॲबस्ट्रॅक्टमध्ये मोजमाप पुस्तकापेक्षा जास्त निघाले तर लेखापरीक्षक ते चालवून घेत नाही. तिथे वाक्य ठसकेबाज आहे की नाही हे कोणी पाहत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा तक्ता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात करायला लावतात, आणि पुढे त्याच विद्यार्थ्याने प्रकल्प अहवालाचा सारांश लिहिला की त्यात मोजमाप नावालाही उरत नाही. एकाच माणसाने एकाच संस्थेत शिकलेल्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतच नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

शोधनिबंधाचा सारांश मात्र वेगळ्या वाटेने आला आणि त्या वाटेवर त्याचा धनी बदलला. लंडनच्या रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला की त्याचा थोडक्यात वृत्तांत चिटणीस इतिवृत्तात उतरवून ठेवी. १८३२ पासून सोसायटीने १८०० ते १८३० या काळातल्या आपल्या निबंधांचे असे सारांश खंडरूपाने छापले, आणि त्यांतूनच पुढे सोसायटीचे ‘प्रोसीडिंग्ज’ आकाराला आले. म्हणजे सारांश लिहिणारा माणूस निबंधाचा लेखक नव्हता. तो ऐकणारा, नोंदणारा, तिऱ्हाईत होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापील शास्त्रीय मजकूर इतका वाढला की तिऱ्हाइतांची मोठी फौज लागली. १८९८ साली ‘सायन्स ॲबस्ट्रॅक्ट्स’ निघाले, १९०७ साली ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’; दुसऱ्यात तर हजारो रसायनज्ञ इतरांच्या निबंधांचे सारांश स्वेच्छेने लिहून पाठवत. भारतात १९५२ साली युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत इन्सडॉक ही शास्त्रीय माहितीची संस्था उभी राहिली आणि १९६५ पासून तिचे ‘इंडियन सायन्स ॲबस्ट्रॅक्ट्स’ निघू लागले. दरम्यान, १९२० च्या सुमाराला ‘फिजिकल रिव्ह्यू’सारख्या नियतकालिकांनी लेखकानेच आपल्या निबंधाचा सारांश द्यावा अशी प्रथा पाडली होती. पुढच्या काही दशकांत ती सर्वत्र झाली आणि तिऱ्हाईत हळूहळू बाजूला पडला.

हा बदल सोयीचा होता आणि एका बाजूने योग्यही होता. आपल्या कामात काय आहे हे लेखकाइतके कोणाला कळणार? तिऱ्हाइताचे सारांश अनेकदा उशिरा येत, आणि अनेकदा मुद्दा चुकवत. पण तिऱ्हाइताचा एक गुण लेखकाच्या हाती आला नाही. काम मोठे दिसण्यात तिऱ्हाइताचा काही फायदा नव्हता. लेखकाचा असतो: नोकरी, अनुदान, बढती. आणि ज्या काळात लेखक स्वतः सारांश लिहू लागला त्याच काळात सारांश निबंधापासून सुटा झाला. आधी छापील सूचीत आणि आता शोधयंत्रात सारांश फुकट मिळतो, निबंधाला मात्र पैसे पडतात. बुलढाण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकासमोर सारांश उघडा असतो आणि निबंध कुलपाआड. मोजमाप पुस्तकाशिवाय नुसता ॲबस्ट्रॅक्ट हाती आलेल्या लेखापरीक्षकासारखी त्याची अवस्था होते. म्हणूनच पडताळणीच्या खुणा सारांशाच्या आतच असायला हव्यात, आणि हे काम आता कोणी तिऱ्हाईत करणार नाही. ते लेखकालाच करावे लागेल.

हे नीट कसे होते याचे एक उत्तम उदाहरण रोहिणखेडच्याच जिल्ह्यात, दक्षिणेच्या टोकाला आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवराची नोंद आईन-ए-अकबरीत आहे. तिथे मिळणाऱ्या, काच आणि साबण करायला लागणाऱ्या खाराबद्दल अबुल फजलाने लिहिले. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली आणि तिथून पुढे दीडशे वर्षे भूशास्त्रज्ञांचा वाद चालला. दख्खनचा सगळा काळा पाषाण ज्वालामुखीचा, तेव्हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा गोल खड्डाही ज्वालामुखीचेच काम, अशी बहुतेकांची समजूत होती. १८९६ साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट याने ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचे साम्य दाखवले, पण ॲरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले असे त्याचे मत बनले होते, म्हणून त्या साम्याने लोणारचा प्रश्न सुटला नाही. १९१२ साली ला टूश आणि क्रिस्टी यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये लोणारवर सविस्तर निबंध लिहिला; तोही पृथ्वीच्या पोटातल्या घडामोडींच्याच बाजूचा. १९६४ साली लाफाँ आणि डिट्झ यांनी हे उल्कापाताचे विवर असावे का असा प्रश्न मांडला. उत्तर १९७३ साली ‘सायन्स’मध्ये आले. लेखक चार होते: फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम.

त्या १९७३ च्या निबंधाचा सारांश पाच-सहा वाक्यांचा आहे आणि त्याची घडण अभ्यासण्यासारखी आहे. पहिल्याच वाक्यात निष्कर्ष येतो, पण पुराव्याला बांधून येतो: आघाताने रूपांतरित झालेले दगड सापडल्यामुळे उल्कापाताचे मूळ सिद्ध होते. पार्श्वभूमीचे एकही वाक्य नाही. दीडशे वर्षांचा वाद लेखकांनी निबंधाच्या पोटात ठेवला. पुढच्या वाक्यांत पुरावा कुठून आला ते येते. विवराच्या तळातून घेतलेल्या वेधनांत काय मिळाले, आणि काठावर खणलेल्या चरांत काय मिळाले, हे वेगवेगळे सांगितले आहे. तळात मोडलेल्या खडकांचे मिश्रण आणि मास्केलिनाइट, म्हणजे प्रचंड दाबाने काचेसारखे झालेले फेल्स्पार. काठावर वितळून फुगलेले तुकडे आणि वितळलेल्या खडकाचे गोळे. ज्याला शंका असेल त्याने तळ आणि काठ वेगवेगळे तपासावेत, एवढी सोय त्या थोड्या ओळींत झाली आहे. त्यानंतर महत्त्व येते, आणि तेही मोजून: बसाल्टमधले ज्ञात असलेले हे एकच उल्काविवर, म्हणून चंद्रावरच्या विवरांशी तुलनेला उपयोगी. अपोलोच्या मोहिमांनी आणलेले चंद्राचे नमुने तेव्हा प्रयोगशाळांत नवेच होते, त्यामुळे हे महत्त्व ओढूनताणून आणलेले नव्हते.

या सारांशातला ‘ज्ञात असलेले’ हा विशेषणाचा तुकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे ब्राझीलच्या पाराना खोऱ्यातल्या बसाल्टमध्ये वार्झेआँव आणि विस्टा अलेग्रे ही दोन उल्काविवरे ओळखली गेली. १९७३ चे वाक्य तरीही खोटे ठरले नाही, कारण ते त्या दिवशीच्या ज्ञानापुरतेच होते. याउलट लोणारबद्दल आज सर्रास लिहिले-बोलले जाते ते ‘बसाल्टमधले जगातले एकमेव विवर’ असे. ते विशेषण गळाले आणि खरे विधान खोटे झाले. हे गळणे सारांश पुन्हा कोणीतरी सारांशित करते तेव्हा घडते, आणि लेखक ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. पण त्याने मुळातच मर्यादा लिहिली नाही तर पुढच्या माणसाला ती गाळण्याचीही गरज उरत नाही.

लोणारच्या वयाचा इतिहास तर याहून बोधक आहे. १९९७ साली सेनगुप्ता, भांडारी आणि वातानाबे यांनी थर्मोल्युमिनेसन्सने, म्हणजे तापवल्यावर काचेतून निघणाऱ्या प्रकाशाच्या मोजणीने, विवराचे वय ५२ हजार वर्षे काढले आणि सोबत ६ हजारांची कमी-जास्त दिली. हाच ५२ हजारांचा किंवा गोल करून ५० हजारांचा आकडा पुस्तकांत आणि पर्यटनाच्या माहितीत रुजला; कमी-जास्त आणि पद्धत दोन्ही वाटेत पडली. मग २०१० साली चंद्र-ग्रहविज्ञानाच्या परिषदेसाठी जूर्दां, मोइनिए आणि कोबेर्ल यांनी दिलेल्या सारांशात आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने वय सुमारे साडेसहा लाख वर्षे आले. त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होते, आणि आकडा ६ लाख ५६ हजार, कमी-जास्त ८१ हजार, असा दिलेला होता. पुढच्या वर्षी ‘जिऑलॉजी’मध्ये पूर्ण निबंध आला तेव्हा तो ५ लाख ७० हजार, कमी-जास्त ४७ हजार, असा झाला. परिषदेतला आकडा बदलला म्हणून कोणी लेखकांना दोष देऊ नये. दोन्ही आकड्यांचे पल्ले एकमेकांत शिरतात, आणि ते शिरतात हे कळते ते फक्त कमी-जास्त लिहिल्यामुळे. ५२ हजारांचा पल्ला मात्र या दोघांच्या जवळपासही येत नाही. इथे वाचकाला पद्धत माहीत असावी लागते: काच पुन्हा तापली किंवा उजेडात राहिली तर थर्मोल्युमिनेसन्सचे घड्याळ नव्याने सुरू होऊन वय कमी दिसू शकते, आणि साडेसहा कोटी वर्षांच्या जुन्या बसाल्टमधला आर्गॉन काचेत उरला तर आर्गॉनचे घड्याळ वय जास्त दाखवू शकते. कोणत्या बाजूला चुकण्याचा धोका आहे हे पद्धतीच्या नावावरून जाणत्याला लगेच उमगते. ज्या सारांशात पद्धतीचे नाव आणि कमी-जास्त आहे त्याच्याशी वाद घालता येतो. ज्यात नुसता आकडा आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही एवढाच पर्याय उरतो.

यावर कोणी म्हणेल की दोन-चार उदाहरणांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये. मोजून पाहिलेले पुरावेही आहेत, आणि ते वैद्यकातून आले, कारण तिथे चुकीच्या सारांशाची किंमत रोगी मोजतो. १९८७ साली वैद्यकीय नियतकालिकांनी ठरावीक शीर्षकांचा सारांश आणला: उद्देश, पद्धत, रुग्ण, निष्कर्ष वगैरे. तरीही १९९९ साली पिटकिन आणि सहकाऱ्यांनी सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले सारांश निबंधांशी ताडून पाहिले तेव्हा नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के सारांशांत निबंधाशी न जुळणारी किंवा निबंधात नसलेलीच माहिती निघाली. नमुना अकरामध्ये बारामध्ये नसलेले क्षेत्र सापडावे, तोच हा दोष. २०१० साली बुत्रों आणि सहकाऱ्यांनी ७२ उपचारचाचण्यांचे अहवाल तपासले. या सगळ्या चाचण्यांत मुख्य मोजमापात फरक सिद्ध झालेला नव्हता, तरी ५८ टक्के सारांशांच्या निष्कर्षात उपचार उपयोगी असल्याचा सूर होता. म्हणजे शीर्षकांचा साचा असूनही हिशेब जुळला नाही. साचा वाक्यांची जागा ठरवतो; त्या वाक्यांखाली मोजमाप आहे की नाही ते ठरवत नाही.

दुसरा आक्षेप जागेचा आहे, आणि तो खरा आहे. दीडशे शब्दांत पद्धत, नमुना, कमी-जास्त आणि मर्यादा कशी बसवायची? लोणारचा १९७३ चा सारांश हेच दाखवतो की जागा मिळते, फक्त पार्श्वभूमी सोडावी लागते. बहुतेक सारांशांची पहिली दोन-तीन वाक्ये विषयाचे महत्त्व सांगण्यात जातात, आणि ते महत्त्व त्या विषयाच्या वाचकाला आधीच माहीत असते. शेवटचे एक वाक्य पुढे हे काम उपयोगी पडेल या आशेवर खर्च होते. ही चार वाक्ये काढली की मोजमापाला भरपूर जागा उरते. अभियांत्रिकीत तर हा अपव्यय जास्तच दिसतो: धरणाच्या गळतीवरच्या निबंधात पाण्याचे महत्त्व सांगायला कोणाला काय पडले आहे? गळती लिटरमध्ये किती, किती महिने मोजली, पातळी कितीवर असताना, एवढे लिहिले तरी अर्धे काम होते.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. निव्वळ सिद्धांताच्या कामात मोजमाप नसते; गणितातल्या नव्या प्रमेयाच्या सारांशात कोणता आकडा लिहायचा? तिथे हिशेबाचे म्हणणे लागू पडत नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण सिद्धांतालाही नोंदवही असते, आणि ती म्हणजे गृहीतके. प्रमेय कोणत्या अटींखाली खरे आहे, त्या अटी किती कडक आहेत, पूर्वीच्या निकालापेक्षा कोणती अट सैल झाली, हे सांगणे म्हणजेच पडताळणीची खूण ठेवणे. गृहीतक वगळून लिहिलेला सिद्धांताचा सारांश कमी-जास्त वगळलेल्या वयासारखाच आहे. संगणकशास्त्रातही तेच. एखादी पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा किती टक्क्यांनी सरस ठरली हे लिहिताना कोणत्या माहितीसंचावर आणि कोणत्या आधीच्या पद्धतीशी तुलना केली हे नसेल, तर त्या टक्क्यांना काही वजन नाही.

चौथा आक्षेप सर्वसामान्य वाचकाच्या नावाने येतो: कमी-जास्त, मर्यादा, ‘ज्ञात असलेले’ असे शब्द वाचले की लोकांना वाटते शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नाही. हा आक्षेप लोकांना कमी लेखतो. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी पाहा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून आणि इतर विद्यापीठांतून दरवर्षी संयुक्त बैठकीत ज्या शिफारशी मान्य होतात, त्यांत अमुक वाण किंवा अमुक पद्धत विदर्भ विभागासाठी, अमुक जमिनीसाठी, अमुक हंगामासाठी अशी अट घातलेली असते. ही शिफारस म्हणजे संशोधनाचा सर्वांत आखूड सारांश, आणि तो मराठीत असतो. रोहिणखेडच्या शेतकऱ्याला त्या अटीने गोंधळ होत नाही. भारी जमीन आणि हलकी जमीन यांतला फरक त्याला शिफारस लिहिणाऱ्यापेक्षा कमी कळत नाही. अट नसती तर त्याने ती शिफारस बाजूला ठेवली असती, कारण सगळ्या जमिनीला सगळे चालते असे म्हणणाऱ्यावर शेतकरी विश्वास ठेवत नाही.

इथेच मराठीचा प्रश्न येतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत बुलढाणा जिल्हा येतो. तिथे विज्ञान आणि अभियांत्रिकीचा प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, त्याचा सारांशही इंग्रजीत. सारांशाला मराठी जोड द्यावी असे म्हटले की उत्तर मिळते की शास्त्रीय परिभाषा मराठीत तयार नाही. पण सारांशाला लागणारी परिभाषा फार थोडी असते. नमुना, मोजणी, पद्धत, कमी-जास्त, मर्यादा, तुलना हे शब्द रोजच्या व्यवहारात आहेत. उरलेली पारिभाषिक नावे जशीच्या तशी देवनागरीत लिहिली तरी चालतात. ‘आर्गॉन-आर्गॉन पद्धत’ असे लिहिले म्हणून मराठी बिघडत नाही. मराठी सारांश लिहिताना संशोधकाला दुसरा फायदा होतो: इंग्रजीतली साच्याची वाक्ये मराठीत उतरवताना ती पोकळ आहेत हे कानाला लगेच कळते, आणि ती गाळून मोजमापाकडे यावे लागते. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा मराठी सारांशाच्या उणिवेची जाणीव झाली. पाण्याचे नमुने वनखात्याने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले, आणि खारे पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आला असे आघारकरच्या तपासणीतून कळले. मराठी वर्तमानपत्रांत ही बातमी भरपूर गाजली. मेहकर-लोणारच्या वाचकाला हवे होते ते बातमीत अभावानेच आले: पाणी सरोवराच्या कोणत्या बाजूचे घेतले, तेव्हा पातळी किती उतरली होती, क्षार किती होते, आणि प्रयोगशाळेत गाळ खाली बसल्यावर पाणी पुन्हा स्वच्छ का दिसले. अशा प्रत्येक कामासाठी मराठीत आठ ओळी लिहायला संस्थेला एका माणसाचा एक दिवस लागेल, आणि त्या ओळींवरून पुढच्या उन्हाळ्यात सरोवराच्या काठावर राहणाऱ्या कोणालाही आपल्या डोळ्यांसमोरच्या पाण्याशी त्या निष्कर्षाची तुलना करता येईल.